पोशाखाचे जोडचित्र आणि साक्षीची मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या वेशभूषेचा अभ्यास करणाऱ्यास जी साधने उपलब्ध आहेत त्यांत छायाचित्रांचे स्थान विशेष मानाचे समजले जाते. चित्रकाराचा कुंचला आपल्या आवडीनुसार वळतो, प्रवासी ऐकीव गोष्टींवर विसंबतो, पण कॅमेरा समोर असेल तेच टिपतो, अशी आपली समजूत असते. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने मुंबईतील एका जुन्या ग्रंथातील चित्रपट पुरावा म्हणून मांडला आणि त्यावरून अमुक समाजातील लोक अमुक प्रकारच्या स्थळी अशा पोशाखात वावरत असत, असा निष्कर्ष काढला. प्रस्तुत लेखकाने तो निष्कर्ष शंका न घेता मान्य केला. पुढे ते चित्र भिंग घेऊन पाहण्याचा प्रसंग आला तेव्हा ध्यानात आले की चित्रातील माणसे आणि त्यांच्यामागील स्थळ ही एकत्र टिपलेली नव्हेत. दोन वेगवेगळ्या काचांवरील प्रतिमा एका कागदावर जुळविलेल्या होत्या. ही चूक विद्यार्थ्याची कमी आणि शिक्षकाची अधिक. तिच्या निमित्ताने अशा जोडचित्रांची साक्ष कितपत व कोणत्या अर्थाने घ्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा ग्रंथ म्हणजे विल्यम जॉन्सन याने लंडनहून प्रसिद्ध केलेला, मुंबईतील निवासी व अभ्यागत अशा पौर्वात्य वंशांचा व जमातींचा सचित्र संग्रह. त्याचा पहिला खंड १८६३ मध्ये निघाला. त्यात गुजरात, कच्छ व काठेवाड येथील समाज आले. दुसरा खंड १८६६ चा असून तो महाराष्ट्राला वाहिलेला आहे. खरी छायाचित्रे चिकटवून तयार केलेला आणि हिंदुस्थानातील समाजांचे वर्णन करणारा हा अगदी आरंभीचा ग्रंथ होय. वॉटसन व के यांनी संपादिलेला ‘पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा प्रसिद्ध सरकारी संग्रह १८६८ पासून १८७५ पर्यंत निघत राहिला. म्हणजे जॉन्सनचे काम त्याच्याही आधीचे आहे. जॉन्सन हा मुंबईतील व्यवसायी छायाचित्रकार होता आणि १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या छायाचित्रण-संस्थेशी त्याचा आरंभापासून संबंध होता. या संस्थेत एतद्देशीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक कुशल छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे केवळ साहेबच उभा होता, अशी कल्पना करून घेण्याचे कारण नाही.

या ग्रंथाला एक पूर्वपीठिका आहे आणि भाषेच्या अभ्यासकास ती विशेष उद्बोधक वाटेल. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन व त्याचा भागीदार विल्यम हेंडरसन यांनी मुंबईत छायाचित्रांचा एक मासिक संग्रह चालविला होता. त्यातील लोकचित्रांच्या मालेचे नाव ‘कॉस्च्यूम्स अँड कॅरेक्टर्स ऑफ वेस्टर्न इंडिया’ असे होते. पश्चिम हिंदुस्थानातील पोशाख व पात्रे, असा त्याचा अर्थ. पुढील ग्रंथाच्या शीर्षकात पोशाख गेला, पात्रेही गेली आणि त्यांच्या जागी ‘रेसेस अँड ट्राइब्स’, म्हणजे वंश व जमाती, हे शब्द आले. मधल्या काळात १८५७ चा उठाव होऊन गेला होता, कंपनीचे राज्य संपले होते आणि प्रजेची ओळख पटवून तिची वर्गवारी करण्याची गरज राज्यकर्त्यांस अधिक तीव्रतेने भासू लागली होती. शब्दांतील हा पालट केवळ त्यामुळेच झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु पोशाख ही माणूस अंगावर चढवितो व उतरवितो अशी वस्तू आहे, आणि वंश ही त्याला जन्मतः चिकटविलेली ओळख आहे, हा भेद दृष्टीआड करता येत नाही. पूर्वीच्या मालेतील आकृती पुढील ग्रंथात नव्या पार्श्वभूमीवर आल्या, ही गोष्ट या शब्दांतराच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे.

मुळात अशी जोडणी करण्याची आवश्यकता का पडावी? याचे पहिले कारण तांत्रिक आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची रीत त्या काळी प्रचारात होती. काचेवर लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि लेप सुकण्यापूर्वी अंधारात धुऊन काढावयाची, हा सारा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. चित्रणास कित्येक सेकंद लागत आणि बसणाऱ्याने तेवढा वेळ निश्चल राहावे म्हणून मानेमागे लोखंडी आधार देण्याची पद्धत होती. अशा स्थितीत माणसांचे चित्र स्टुडिओत किंवा अंगणात घ्यावे आणि देऊळ, घाट, तटबंदी यांचे निराळे घ्यावे, हे सोयीचे होते. दुसरे कारण अभिरुचीचे. रेलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून केलेले भव्य चित्र १८५७ मध्ये मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले गेले. पुढील वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून एका मरणासन्न मुलीचे चित्र सिद्ध केले. त्यांवर वाद माजला हे खरे, पण जुळवणी ही छायाचित्रकाराच्या कलेची परिसीमा मानणारा पक्षही मोठा होता. म्हणून जॉन्सनवर फसवणुकीचा आरोप करणे अनैतिहासिक ठरेल. तो आपल्या काळाच्या मान्य रीतीने काम करीत होता.

जोडणीची प्रत्यक्ष कृती समजून घेतल्याशिवाय तिच्या खुणा ओळखता येत नाहीत. त्या वेळी चित्राचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देऊन तयार करीत आणि निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवीत. उन्हाने प्रतिमा डोळ्यांदेखत उमटत जाई. आकृतीच्या निगेटिव्हवर तिच्या कडेबाहेरचा सारा भाग काळ्या रंगाने झाकला की कागदावर आकृती तेवढी उमटे व सभोवती पांढरे राही. मग त्याच आकाराच्या कातरलेल्या कागदाने आकृती झाकावयाची, दुसरी निगेटिव्ह जागेवर बसवावयाची आणि मोकळ्या राहिलेल्या भागावर स्थळ छापून घ्यावयाचे. कडा किंचित जरी सरकली तरी एका बाजूस पांढरी व दुसऱ्या बाजूस काळी रेघ उमटते. ती सौम्य करण्यासाठी कुंचल्याने हात फिरविणे हेही कारागिरीचेच अंग होते.

वेशभूषेच्या अभ्यासकाचे लक्ष नेमके या कडेवर असावयास हवे, कारण पोशाखाचा महत्त्वाचा तपशील पुष्कळदा कडेवरच असतो. पागोट्याचा सुटलेला शेव, उपरण्याची दशी, परकराचा घेर, डोक्यावरून घेतलेल्या पदराची झिरझिरीत किनार, हे सारे कातरीच्या व काळ्या रंगाच्या तावडीत सापडते. पातळ मलमलीतून वस्तुतः मागील भिंत अंधुक दिसावयास पाहिजे. जोडचित्रात ती दिसत नाही आणि कापड जाड असल्याचा भास होतो. दशी कापली गेली की उपरणे बिनदशीचे वाटते. शिवाय माणसाच्या पायांशी पडणारी सावली आणि मागील इमारतीची सावली यांच्या दिशा जुळतात काय, पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटतात की अधांतरी, माणूस व दरवाजा यांच्या उंचीचे प्रमाण संभवनीय आहे काय, हे पाहिले म्हणजे बहुधा निर्णय होतो. यासोबत एक सावधगिरी साध्या, न जोडलेल्या चित्रांसाठीही पाळावी लागते. कलोडियनच्या काचेस निळा व जांभळा प्रकाश चटकन कळे, तांबडा मात्र जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे लाल पगडी काळी भासते आणि फिकट निळे वस्त्र पांढरे. केवळ अशा चित्रावरून पगडीचा रंग ठरविणारा अभ्यासक हमखास चुकतो.

परंतु कडेच्या या दोषांपेक्षा गंभीर प्रश्न जोडणीने उत्पन्न होणाऱ्या अर्थाचा आहे. कॅमेऱ्यासमोर बसलेली व्यक्ती विशिष्ट होती. तिला नाव होते, मुंबईतील एखाद्या गल्लीत घर होते, धंदा होता. चित्राखाली मात्र समाजाचे नाव येते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर समोर विशेषनाम बसलेले असता खाली सामान्यनाम लिहिले जाते. आणि मागे जोडलेले स्थळ या सामान्यनामास बळकटी देते, कारण ते त्या व्यक्तीस तिच्या चालू आयुष्यातून उचलून ‘स्वाभाविक’ ठरविलेल्या ठिकाणी नेऊन ठेवते. ग्रंथाच्या शीर्षकात मुंबईचे निवासी व अभ्यागत असे शब्द आहेत खरे, पण मांडणी प्रांतवार आहे. कॅमेरा मुंबईत होता, माणसे मुंबईत होती आणि ग्रंथात मात्र मुंबई पुसट होत गेली. गिरण्या, गोदी आणि न्यायालये यांनी गजबजू लागलेल्या ज्या शहरात निरनिराळ्या पोशाखांची माणसे एका रस्त्याने चालत होती, त्याचे हे दर्शन नव्हे.

पहिल्या खंडातील वल्लभाचार्य महाराजांचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८६२ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयासमोर करसनदास मुळजी यांच्याविरुद्धचा महाराज अब्रूनुकसानीचा खटला गाजला आणि करसनदासांच्या बाजूने निकाल लागला. त्या खटल्यात डॉ. भाऊ दाजी यांची साक्ष झाली होती. पुढच्याच वर्षी निघालेल्या ग्रंथात महाराजांचे चित्र इतर चित्रांप्रमाणेच एका वर्गाचा नमुना म्हणून येते. शहरात ज्यांच्याविषयी वृत्तपत्रांतून वादळ उठले होते ते लोक चित्रापुरते काळाच्या बाहेर जाऊन स्थिर बसलेले दिसतात. चित्र तेवढेच पाहणाऱ्यास त्या वादळाची चाहूल लागत नाही.

तर मग अशी जोडचित्रे पुराव्यातून बाद करावीत काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही, आणि याचे कारण आपल्याच विद्येच्या इतिहासात सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली व १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही एका अर्थाने जोडसंहिताच आहे. तिच्यात सिद्ध झालेला पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका हस्तलिखितात आढळत नाही. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या लिप्यांतील पोथ्या ताडून तो रचलेला आहे. तरीही आपण तिला प्रमाण मानतो, कारण डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर व त्यांचे सहकारी यांनी घेतलेला पाठ वर दिला आणि सोडलेले पाठभेद पोथ्यांच्या खुणांसह खाली नोंदविले. जेथे निश्चिती कमी तेथे पाठाखाली नागमोडी रेघ ओढली. वाचकास संपादकाचा निर्णय अमान्य असेल तर तो त्याच पृष्ठावरील सामग्रीवरून दुसरा निर्णय घेऊ शकतो. जोडणी तेथे उघडी आहे.

जॉन्सनच्या चित्रपटांत नेमकी हीच नोंद नाही. कोणती काच कोठे व केव्हा घेतली, स्थळ कोणते, आकृती आधी कोणत्या पार्श्वभूमीवर होती, हे चित्र स्वतः सांगत नाही. तेव्हा ती तळटीप तयार करणे हे आता अभ्यासकाचे काम आहे. पूर्वीच्या मासिक संग्रहातील आकृती व नंतरच्या ग्रंथातील आकृती समोरासमोर ठेवून पाहणे हा त्याचा पहिला भाग. एकाच आकृतीची दोन रूपे हाती आली की, जे दोन्हींत समान ते आकृतीचे आणि जे बदलले ते जोडणाऱ्याचे, असा पाठचिकित्सेतील साधा न्याय येथेही लावता येतो. पोशाखाची घडण, अलंकार, नेसण्याची रीत यांविषयी अशा चित्राची साक्ष कडेचा भाग वगळून ग्राह्य धरावी. स्थळ व माणूस यांच्या संबंधाविषयी मात्र ती जोडणाऱ्याचे मत म्हणूनच वाचावी. ते मतही १८६० नंतरच्या विचारसृष्टीचा पुरावा आहेच आणि म्हणून टाकाऊ नाही.

हा प्रश्न जुन्या काचांबरोबर संपलेला नाही. १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि १९९४ च्या आवृत्तीत प्रतिमेचे निरनिराळे थर वेगवेगळे ठेवण्याची सोय झाली. आज एकाचा चेहरा, दुसऱ्याची पैठणी व तिसरीकडचा वाडा जुळवून पेशवाई थाटाचे चित्र तयार करणे घरबसल्या साधते. कडा अशी विरघळविता येते की भिंगालाही सापडू नये, आणि आता तर नुसत्या वर्णनावरून यंत्र सबंध चित्रच घडविते. हौसेसाठी किंवा रंगभूमीसाठी हे करण्यास हरकत असण्याचे कारण नाही. परंतु अशी चित्रे मूळ संदर्भ गळून पडलेल्या अवस्थेत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘जुने छायाचित्र’ म्हणून येऊ लागली आहेत, हा अनुभव अनेक अध्यापकांस असेल. जॉन्सनच्या काळी कातरीची रेघ तरी मागे राहत असे. आज ती राहत नाही, म्हणून नोंदीची जबाबदारी वाढली आहे. जो चित्र जुळवितो त्याने मूळ प्रतिमा व थर जपून ठेवावेत. जो ते प्रबंधात वापरतो त्याने ते कोठून मिळाले, पहिल्यांदा कोठे प्रसिद्ध झाले आणि त्यात काय जोडलेले आहे, हे चित्राखालीच लिहावे. आमच्या चर्चासत्रात आता ही टीप नसलेले चित्र पुरावा म्हणून स्वीकारले जात नाही. पूर्वी मान्य केलेल्या त्या निष्कर्षावरही विद्यार्थ्याने व शिक्षकाने मिळून दुरुस्ती केली असून, त्यातील पोशाखाचा भाग तेवढा शिल्लक राहिला आहे.