म्हाताऱ्या नागवू नयेत म्हणून

आमच्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात येतं ते 1724 च्या लढाईमुळे. निजामाने मुबारिजखानाला इथं हरवलं. शाळेत हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. आज लिहायचंय ते त्याच्याही साडेचारशे वर्षं आधीच्या बायांबद्दल.

निमित्त भाचीचं. ती बेल्जियममध्ये असते. तिनं ब्रुजमधल्या पांढऱ्या घरांचा एक फोटो पाठवला. तेराव्या शतकात तिथं ‘बेगिन’ बाया राहत. लग्न नाही, मठाची जन्मभराची शपथही नाही. सूत कातायचं, रुग्णसेवा करायची, देवाचं नाव घ्यायचं. चर्चला ते खुपलं. मार्गारेट पोरेत नावाच्या एकीला तर पुस्तक लिहिलं म्हणून 1310 साली पॅरिसमध्ये जाळलं. भाचीनं खाली लिहिलं होतं, “मावशी, आपल्याकडे असं काही होतं का गं?”

हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता.

माझी आत्या सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. एकदा भिक्षेला एक महानुभाव तपस्विनी आली. आत्यानं तिला ओसरीवर बसवून प्रश्नांवर प्रश्न विचारले, आजीनं डोळे वटारले तरी. ती गेल्यावर मला म्हणाली, “काय वं, बाईमानसाले असं घर सोडून राहता येते काय? पोथी शिकता येते काय?” मी तेव्हा बीएला होते, मराठी घेऊन! म्हटलं, “ते आपल्यात नसतं.” आणि ‘आद्य कवयित्री महदाइसा’ ही दोन गुणांची टीप पाठ करायला बसले.

ती टीप नीट उघडली असती तर! महदाइसाही विधवाच. चक्रधरस्वामींच्या परिवारात ती एकटी नव्हती. बाइसा, आउसा, उमाइसा, हिराइसा, कितीतरी. स्वामींनी बायांना संन्यास दिला. विटाळाची शंका आली तेव्हा शरीराच्या बाकीच्या द्वारांसारखंच हे एक, असं सांगून मोकळे झाले. आमच्या घरी 1970 सालीही ते चाललं नसतं. महदाइसा तर सारखी काहीतरी विचारायची. म्हातारी चर्चक आहे, असं स्वामी कौतुकानं म्हणत. (आमची आत्याच म्हणा ना.) गोविंदप्रभूंसाठी रिद्धपूरला तिनं धवळे रचले, ते त्या टिपेत होतं. बाकीचं नव्हतं.

बेगिनींशी फरक आहेच. त्या स्वतःच्या घरात राहून कमवत, या घर सोडून भिक्षा मागत फिरत. पण दोघींनीही आपापल्या बोलीतच देवाला हाक मारली. स्मृतिस्थळात एक प्रसंग आहे. पंडित केशोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील, अशा अर्थाचं ते म्हणाले. म्हणजे पंथाची भाषा मराठी राहिली त्यात या निरक्षर म्हाताऱ्यांचा वाटा मोठा! हे मी वर्गात कधीच सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

सगळा दोष माझा नाही म्हणा. पोथ्या कित्येक शतकं सांकेतिक लिपीत बंद होत्या, गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्या उलगडल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी संपादलेलं लीळाचरित्र 1978 साली निघालं. मी ते घेतलं निवृत्तीनंतर. वाचता वाचता मेहकर आलं, लोणार आलं. स्वामी आमच्या उंबऱ्यापाशी येऊन गेलेले! वाचून दाखवायला आत्या मात्र राहिली नव्हती.

भाचीला कळवलंय, शेवटची बेगिन तुमच्याकडे 2013 साली वारली, आमच्या तपस्विनी अजून आहेत. दिवाळीत येशील तेव्हा रिद्धपूरला जाऊ. गाडी मेहकरवरून घेऊ.