रिकाम्या परतीचे भाडे

महाराष्ट्रात भाड्याच्या गाडीचा दर किलोमीटरवर सांगितला जातो; बिल मात्र नुसत्या किलोमीटरवर होत नाही. गाडी रिकामी परत येते, चालक वाट पाहत थांबतो, रात्री मुक्काम पडतो, आणि हा खर्च कोणी सोसायचा याची उत्तरे काळागणिक बदलत गेली आहेत.

मुंबईत भाड्याच्या घोडागाड्यांसाठी 1863 साली कायदा झाला, 1920 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मोटार टॅक्सी 1911 पासून धावू लागली. मीटर अंतराबरोबर थांबलेला वेळही मोजतो, त्यामुळे शहरात घासाघीस उरली नाही. पुढचा प्रवासी तिथेच मिळत असल्याने रिकाम्या परतीचा प्रश्नही फारसा आला नाही. मध्यरात्रीनंतरचा जादा दर तेवढा राहिला. (यांत्रिक मीटरच्या काळात दर वाढले तरी मीटरवरचे आकडे जुनेच असत. चालक खिशातले दरपत्रक काढून आकडा पडताळून दाखवी.)

शहराबाहेर मात्र मीटरचा उपयोग संपतो. 1939 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणेच नंतरचा 1988 चा कायदाही भाड्याने घेतलेल्या गाडीला कराराने घेतलेले वाहन मानतो आणि वाटेत करारात नसलेले प्रवासी घ्यायला मनाई करतो. पुण्याहून महाबळेश्वरला कुटुंब सोडणारी गाडी परतीच्या वाटेवर सहसा रिकामीच येते. फियाट आणि अँबेसेडरच्या जमान्यापासून हाच पेच होता. 1994 साली टाटा सुमो आणि 2000 साली टोयोटा क्वालिस आली, दहाजणांचे कुटुंब एका गाडीत बसू लागले आणि लांबच्या सहलींचा धंदा फोफावला. मालकांनी या पेचावर काढलेला तोडगा आजही चालतो: दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर लावायचे, शिवाय चालकाचा भत्ता. मोजणीही गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते, ग्राहकाच्या दारापासून नव्हे.

याचा परिणाम एका कल्पित हिशेबावरून दिसतो. पुण्याहून महाबळेश्वरला दोन दिवसांची सहल, गाडी प्रत्यक्षात धावली 300 किलोमीटर, दर 14 रुपये. ग्राहकाच्या मनात 4,200 रुपये असतात. दिवसाला किमान 300 म्हणजे दोन दिवसांचे 600 किलोमीटर लागतात आणि बिल 8,400 वर जाते. चालकाचा भत्ता रोजचे 400 धरला तर 9,200. टोल, पार्किंग आणि कर वेगळे. प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरमागे तीस रुपयांहून जास्त पडतात, म्हणजे सांगितलेल्या दराच्या दुपटीपेक्षा अधिक. हीच गाडी दोन दिवसांत 600 किलोमीटर फिरवली असती तर बिलाच्या दराचा आणि खऱ्या खर्चाचा मेळ बसला असता. जवळच्या मुक्कामी सहलीला हा करार महाग पडतो, लांबच्या फिरतीला परवडतो. मालकावर लबाडीचा आरोप होतो, पण तो पुष्कळदा अन्याय्य असतो: दोन दिवस ती गाडी त्याला दुसरीकडे लावता येत नाही.

चालक नको असेल तर मार्ग वेगळा. 1989 साली केंद्र सरकारने गाडी भाड्याने देण्याची योजना आणली. परवाना मिळवायला किमान 50 गाड्या लागत. अशा गाडीची काळी पाटी आणि पिवळी अक्षरे त्याच व्यवस्थेतली. वरच्याच सहलीला दिवसाचे भाडे 2,500 धरले तर दोन दिवसांचे 5,000, आणि लिटरमागे 15 किलोमीटर व 105 रुपये लिटर या हिशेबाने पेट्रोलचे 2,100. एकूण 7,100 रुपये. चालकाच्या गाडीपेक्षा स्वस्त दिसते, पण घाटातला ओरखडा, पंक्चर आणि उशिरा परत केल्याचा दंड ग्राहकाच्या माथी. अनामत रक्कम अडकते ती वेगळीच. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढून ठेवणारे ग्राहक या वादांना सरावलेले असतात.

मोबाइलवरच्या कंपन्यांनी रिकाम्या परतीचा भार पुन्हा सरकवला. ग्राहकाला एकाच बाजूचे भाडे सांगायचे. परतीचा प्रवासी मिळाला नाही तर तोटा बहुतेक वेळा चालकाचा. 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकापर्यंत रिकाम्या येण्याचे पैसे लावण्यावर मर्यादा घातली, गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच आकारणी करता येईल असे ठरवले आणि भाड्यातला किमान 80 टक्के वाटा चालकाचा मानला. 2025 च्या सुधारित तत्त्वांत दीडपटीची मर्यादा मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत गेली. महाबळेश्वरला फक्त सोडण्यापुरती गाडी हवी असेल तर हा पर्याय स्वस्त पडतो. मात्र तिथे पोहोचल्यावर स्थळदर्शनासाठी स्थानिक गाडी वेगळी करावी लागते, आणि परतीच्या दिवशी भाडे काय निघेल ते त्या दिवशीच कळते.