विश्रांतवाडी ते नागपूर : मोटारप्रवासाचे नियोजन

विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव या परिसरात शिक्षण वा नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या वैदर्भीय कुटुंबांची संख्या मोठी आहे. सणासुदीला स्वतःच्या मोटारीने नागपूर गाठायचे, तर सुमारे सातशे किलोमीटरचे अंतर कापावे लागते. समृद्धी महामार्गामुळे हा प्रवास एका दिवसात शक्य झाला असला, तरी त्यासाठी पूर्वनियोजन आवश्यक आहे.

मार्गाचे दोन भाग

पहिला भाग नगर रस्त्याचा. विश्रांतवाडीहून लोहगावमार्गे वाघोली गाठता येते. पुढे शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, अहिल्यानगर आणि नेवासा फाटा या मार्गाने छत्रपती संभाजीनगर सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. वाघोली आणि रांजणगाव येथील कोंडी टाळण्यासाठी पहाटे पाचच्या सुमारास निघावे.

दुसरा भाग समृद्धी महामार्गाचा. संभाजीनगरजवळील माळीवाडा किंवा सावंगी येथून त्यावर प्रवेश करता येतो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. एकूण लांबी ७०१ किलोमीटर आहे. येथे मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर असून दुचाकी व तीनचाकींना प्रवेश नाही.

विश्रांती कोठे घ्यावी?

अंतराचा पहिला तृतीयांश कापण्यातच निम्मा वेळ जातो. त्यामुळे सर्वाधिक वेगाच्या रस्त्यावर चालक थकलेल्या अवस्थेत प्रवेश करतो, हा या प्रवासातील खरा धोका होय. सरळ, वळणविरहित रस्त्यावर डोळा लागण्याची भीती अधिक असते. म्हणून अहिल्यानगरला न्याहारी आणि संभाजीनगरला किमान पाऊण तासाची विश्रांती वेळापत्रकातच धरावी. इंधनही तेथेच भरून घ्यावे. पुढे दर दोन तासांनी अधिकृत सुविधा केंद्रावरच थांबावे, रस्त्याच्या कडेला वाहन उभे करू नये. दोन चालक असतील तर उत्तम. या हिशेबाने सायंकाळी पाचच्या सुमारास नागपूरला पोहोचता येते.

रात्रीचा प्रवास टाळावा. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे येणाऱ्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले.

वाहनाची तपासणी

तापलेल्या काँक्रीटवर सतत वेगाने धावताना टायर अधिक गरम होतात. हवेचा दाब टायर थंड असताना, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावा. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवितात. झिजलेले वा जुने टायर निघण्यापूर्वीच बदलावेत. ब्रेक, शीतक द्रव, दिवे आणि अतिरिक्त चाक तपासावे. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवावी, कारण समृद्धीवर पथकर अंतरानुसार आकारला जातो.

जाताना सकाळचे आणि परतताना दुपारनंतरचे ऊन समोरून डोळ्यांवर येते. त्यामुळे पुढची काच स्वच्छ असावी. मागे बसणाऱ्यांनीही सीट बेल्ट लावणे कायद्याने बंधनकारक आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

संभाजीनगरला पोहोचेपर्यंत दुपार उलटली, तर तेथेच मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे निघावे.