धन्याचा आवाज

कर्ण्यासमोर मान किंचित् वांकडी करून बसलेला पांढरा कुत्रा ठाऊक नाहीं, असें शहरांतील सुशिक्षित घर एके काळीं विरळाच होतें. परंतु हा कुत्रा कोणाचा आणि तो कोणाचा आवाज ऐकतो आहे, हा प्रश्न क्वचितच कोणाला सुचला असेल.

हा कुत्रा कल्पनेंतला नव्हे. त्याचें नांव निपर. जन्म इंग्लंडांत ब्रिस्टल येथें, १८८४ सालीं. नाटकांचे पडदे रंगविणारा मार्क बॅरॉ हा त्याचा पहिला धनी. तो १८८७ मध्यें वारला, तेव्हां त्याचा भाऊ फ्रान्सिस यानें निपरला आपल्याकडे नेलें. निपरही १८९५ मध्यें मेला. पुढें सुमारें तीन वर्षांनीं फ्रान्सिसनें फोनोग्राफपुढें कान देऊन बसलेल्या निपरचें चित्र काढलें आणि ‘धन्याचा आवाज’ या अर्थाचें इंग्रजी नांव त्यास दिलें. फोनोग्राफवर घरच्या माणसाचा आवाज मेणाच्या नळीवर घरींच उतरवितां येई. म्हणून कुत्र्याला त्यांत आपल्या धन्याचा आवाज ऐकूं यावा, ही कल्पना अगदीं स्वाभाविक होती.

फोनोग्राफ विकणाऱ्या एडिसन-बेल कंपनीनें तें चित्र घेतलें नाहीं. चित्रांतला काळा कर्णा उठून दिसेना, म्हणून नमुन्यादाखल पितळी कर्णा उसना मागण्यास फ्रान्सिस १८९९ मध्यें लंडनच्या ग्रामोफोन कंपनींत गेला. तेथील व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यानें चित्रच विकत घेण्याची तयारी दाखविली. अट एवढीच कीं, फोनोग्राफ झांकून त्या जागीं कंपनीचा ग्रामोफोन रंगवावा. चित्राचे पन्नास पौंड व त्यावरील हक्काचे पन्नास पौंड, असा सौदा ठरला. मूळ चित्रांत नव्या रंगाखालचें जुनें यंत्र विशिष्ट बाजूनें पाहिल्यास पुसटसें दिसतें. ग्रामोफोनवर तयार तबकडी वाजे. घरचा आवाज त्यावर उतरत नसे. त्या एका बदलानें चित्राचा अर्थ गेला, पण किंमत आली.

याच कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनें १९०२ मध्यें कलकत्त्यास येऊन येथील गायकगायिकांचें ध्वनिमुद्रण केलें. त्या काळीं कंपनीच्या तबकड्यांवर लेखणी घेऊन बसलेल्या देवदूताची छाप असे. १९०९ च्या सुमारास ती जागा कुत्र्यानें घेतली. १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील शंभर माणसांपैकीं सुमारें सहाच साक्षर होतीं. अशा देशांत अक्षरांनीं जें सांगतां आलें नसतें, तें चित्रानें सांगितलें. नाट्यपदांची तबकडी मागणाऱ्या गिऱ्हाइकास कंपनीचें इंग्रजी नांव वाचण्याची गरज उरली नाहीं. कुत्रा दिसला कीं पुरे.

मात्र खूण ओळखणें म्हणजे धनी ओळखणें नव्हे. हाच कुत्रा अमेरिकेंत व्हिक्टर कंपनीचा झाला, आणि १९२९ मध्यें ती कंपनी आर.सी.ए.नें घेतल्यावर त्या नव्या धन्याचा झाला. जपानांत तो तिसऱ्याच कंपनीच्या दारीं बसला. हिंदुस्थानांतील कंपनीनें २००० सालीं ‘सारेगामा’ हें नांव धारण केलें. इतके धनी बदलले, तरी निपरची बैठक बदलली नाहीं आणि पाहणाऱ्यांचा विश्वासही ढळला नाहीं.

निपरनें निदान आवाजावरून धनी ओळखावा, अशी चित्रकाराची कल्पना होती. गिऱ्हाइकानें कुत्रा ओळखला. धनी कोण, हें त्यानें विचारलें नाहीं. व्यापारचिन्हाचें सारें सामर्थ्य त्या न विचारलेल्या प्रश्नांत आहे, आणि गिऱ्हाइकाला असलेला धोकाही तेथेंच आहे.