पितळी पुंगळीची कुळकथा

बंदुकीचा बार उडाला की गोळी लक्ष्याकडे निघून जाते, दारू धूर होऊन विरते, आणि मागे जी पितळेची रिकामी नळी जमिनीवर पडलेली राहते, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही; परंतु गेल्या दीडशे वर्षांतील रायफलीचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने गोळीपेक्षा या पुंगळीचीच चौकशी अधिक आस्थेने करावी, असे माझे निश्चित मत आहे. उडालेली पुंगळी पुन्हा मूळ मापावर आणावयाची, तिचा वाढलेला गळा कातरावयाचा आणि तीत नवी टोपी (बुडात बसणारी, दारू पेटविणारी स्फोटक कळी), नवी दारू व नवी गोळी भरावयाची, ही जी विद्या आज अमेरिकेतील असंख्य नेमबाज घरच्या घरी चालवितात, तिचे मूळ पुंगळी कोणत्या धातूची आणि कशा घडणीची असावी या जुन्या प्रश्नात सापडते.

आपल्या इतिहासात काडतूस अजरामर झाले ते १८५७ साली, आणि ते होते कागदाचे. एन्फील्ड रायफलीच्या त्या काडतुसाचा कागद दातांनी फोडून दारू नळीच्या तोंडातून आत ओतावी लागे, आणि त्या कागदाला लावलेल्या चरबीने काय अनर्थ केला हे मराठी वाचकाला सांगावयास नको. जाँ सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने टोपी, दारू आणि गोळी एकाच काडतुसात सामावण्याची युक्ती पॅरिसमध्ये १८१२ सालीच पेटंट केली होती. पण फौजांच्या कारखान्यांना ती पचनी पडावयास अर्धे शतक लागले. असे काडतूस नळीत मागूनच भरावे लागे, आणि नळी मागून भरावयाची म्हटले की स्फोटाचा वायू मागच्या फटीतून शिपायाच्या तोंडावर येणार, आणि ती फट बुजविण्याचे काम कागदाच्याने होण्यासारखे नव्हते.

१८६६ च्या सुमारास वूलिच येथील सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर याने पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून तिला निराळे बूड जोडले आणि स्नायडर रायफलीसाठी काडतूस सिद्ध केले. हीच गुंडाळी पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीकडे वारशाने आली. परंतु १८८५ च्या जानेवारीत सुदानमधील अबू क्लीआच्या रणात, ऐन हातघाईच्या प्रसंगी, ही पत्र्याची काडतुसे तापलेल्या नळीत अडकून बसली, आणि सलग पितळेतून ओढून काढलेल्या पुंगळीवाचून गत्यंतर नाही हे ब्रिटिश सेनाखात्याला कळून चुकले. अमेरिकेत हाच धडा नऊ वर्षे आधी मिळाला होता. लिट्ल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सेनाधिकारी कस्टर याची तुकडी नष्ट झाली, त्यानंतर त्याच फौजेतील मेजर रीनो याने काडतुसे नळीत चिकटत असल्याची तक्रार वरिष्ठांना लेखी कळविली. त्या पुंगळ्या तांब्याच्या होत्या.

तांबे मऊ असते. ते फुगते, पण फुगल्यावर मागे सरत नाही. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पितळेत मात्र असा गुण आहे की, स्फोटाच्या दाबाने पुंगळी क्षणार्धात फुगून नळीच्या भिंतीला घट्ट भिडते, वायूची वाट बंद करते, आणि दाब ओसरताच केसभर आकसून भिंत सोडते. प्रथम चकतीची वाटी, मग एकाहून एक अरुंद साच्यांतून ओढून वाटीची लांब नळी, आणि दोन ओढींच्या मध्ये भट्टीत तापवून धातू पुन्हा नरम करणे, असा तिच्या घडणीचा क्रम आहे. ठोकून कडक झालेले भांडे पुन्हा आगीत घातल्याशिवाय पुढचा घाव घालू नये, हे पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर ज्या अनुभवाने जाणतो, तोच हा न्याय.

हिंदुस्थानचा या कुळकथेशी खरा संबंध येतो तो येथेच. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की फौजेचा दारूगोळा पागांमध्ये साठवून ठेवीत, आणि कोरडे दिवस आल्यावर पाहावे तो पुष्कळ पुंगळ्यांना आपोआप चिरा गेलेल्या असत. याचे कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी १९२१ साली स्पष्ट केले: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि ओढणीच्या वेळी धातूत कोंडून राहिलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने पितळ फुटत होते. उपाय साधा होता, घडण संपल्यावर मंद आचेवर तो ताण उतरविणे. आणि तो हाती लागला म्हणूनच पितळी पुंगळी दीर्घकाळ साठविता येऊ लागली.

पुंगळी पुन्हा भरता येईल की नाही, हे ठरते बुडाच्या टोपीवरून. बॉक्सरच्या पद्धतीत, जिच्यावर चेपून टोपीतील स्फोटक पेटते ती ऐरण टोपीच्या आतच असून पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकेच्या हायरम बर्डनच्या पद्धतीत ऐरण बुडाचाच भाग असून छिद्रे सामान्यतः दोन, ती आजूबाजूला. इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपच्या फौजांत, असा विलक्षण विनिमय झाला. मधल्या छिद्रातून सुई घालून जुनी टोपी एका दाबात बाहेर ढकलता येते, आणि घरगुती भरणीची परंपरा अमेरिकेत बहरली तिचे एक मोठे कारण हे एवढेसे छिद्र आहे. १८७० नंतरच्या दशकात मैदानी मुलखातले रानगव्यांचे शिकारी मुक्कामावर बसून आपली काडतुसे आपणच भरीत. १८८४ साली जॉन बार्लोने कनेक्टिकटमध्ये आयडियल कंपनी काढून काडतुसे भरण्याची चिमट्यासारखी अवजारे विकावयास आरंभ केला. आणि दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांचा दुष्काळ पडला असता फ्रेड हंटिंग्टनने कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे १९४३ साली जो उद्योग मांडला, त्याचे आरसीबीएस हे नाव आज भरणी करणाऱ्यांच्या मेजावर सर्वत्र दिसते.

या घरगुती भरणीत फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबण्यापूर्वी तिला वंगण लावावेच लागते, नाहीतर ती साच्यात अशी रुतते की बूड उपटून येते. साचा तिला अंगाने बारीक करतो आणि गळ्याखालचा उतरता खांदा मागे सारतो. तो खांदा हजारांश इंचाच्या हिशेबानेच सारावा, कारण अधिक मागे ढकललेली पुंगळी पुढच्या बाराला तितकीच अधिक ताणली जाते. दाबलेल्या पितळेला कोठेतरी जावेच लागते, आणि ते पुढे, गळ्याकडे सरकते. म्हणून कातरणी. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, आणि कातरून ती २.००५ वर आणावयाची, असा दंडक आहे. ही मर्यादा ओलांडलेला गळा नळीच्या निमुळत्या भागात शिरून गोळीला आवळून धरतो, गोळी सुटावयास अडखळते, आणि दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जातो. कातरलेली कड आतून-बाहेरून साफ करावयाची, आणि वारंवारच्या दाबाने गळा कडक झाला असल्यास फक्त तेवढा भाग तापवून नरम करावयाचा. बुडाला आच लागू द्यावयाची नाही, कारण नरम पडलेले बूड दाब पेलू शकत नाही.

गळ्याकडे गेलेले पितळ बुडाच्या वरच्या भिंतीतून आलेले असते, म्हणून ती भिंत प्रत्येक फेरीला पातळ होत जाते. तेथे बाहेरून चकाकणारी कडी दिसू लागली, किंवा वाकविलेल्या तारेच्या टोकाला आतून चर लागला, की ती पुंगळी चिमट्याने चेपून मोडीत टाकतात, म्हणजे चुकूनही ती पुन्हा भरणीच्या ढिगात जात नाही.