तिकिटाची स्मरणशक्ति

आगगाडीचा प्रवास संपला आणि फाटकाशीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातीं तिकीट दिलें, म्हणजे पूर्वीं तो व्यवहार तेथेंच मिटत असे. कोठून कोठें, कोणत्या वर्गानें आणि किती पैशांत, एवढें पुठ्ठ्याच्या त्या तुकड्याला ठाऊक असे. प्रवास केला कोणीं, हें मात्र त्याला ठाऊक नसे. आज जगांतील अनेक मोठ्या शहरांच्या उपनगरी स्टेशनांत त्या पुठ्ठ्याची जागा एका चपट्या कार्डानें घेतली आहे. तें यंत्राला लावावें, पैसे वळते व्हावे, फाटक उघडावें, इतकें काम सोपें झालें आहे. परंतु या कार्डाला स्मरणशक्ति आहे. ती कोठून आली आणि तिच्यापासून आपण काय मिळविलें व काय गमावलें, तें आज पाहावयाचें आहे.

इंग्लंडांत पहिल्या आगगाड्या सुरू झाल्या तेव्हां तिकिटाची रीत घोड्यांच्या टपालगाड्यांकडून उसनी घेतलेली होती. कारकून उतारूचें नांव विचारी, तें वहींत लिही आणि एक चिठ्ठी फाडून त्याच्या हातीं देई. दहा-वीस उतारूंच्या गाडीला हें पुरेसें होतें. शेंकडों उतारूंच्या गाडीला तें पुरेना. शिवाय किती चिठ्ठ्या फाडल्या आणि गल्ल्यांत किती पैसे पडले, यांचा मेळ घालण्याचें खात्रीचें साधन नव्हतें. सारा कारभार कारकुनाच्या प्रामाणिकपणावर चाले.

या अडचणींतून वाट काढली ती थॉमस एडमंडसन या गृहस्थानें. हा लँकेस्टरचा राहणारा, धंद्यानें लाकडी सामान तयार करणारा कारागीर. धंद्यांत दिवाळें निघाल्यावर तो १८३६ सालीं न्यूकॅसल अँड कार्लाईल रेल्वेच्या मिल्टन नांवाच्या लहानशा स्टेशनांत नोकरीस लागला. रोज चिठ्ठ्या खरडण्याचा त्याला कंटाळा आला असावा. त्यानें सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंचाहून किंचित् कमी रुंद असे पुठ्ठ्याचे तुकडे आधींच छापून घेतले व प्रत्येकावर अनुक्रमांक घातला. तुकडे एका उभ्या खणांत रचून ठेवावे, खालून एकेक काढून द्यावा आणि देतांना त्यावर तारखेचा ठसा उमटवावा. सकाळीं खणाच्या तळाशीं असलेला आंकडा संध्याकाळच्या आंकड्यांतून वजा केला कीं किती तिकिटें खपलीं तें कळे. त्याला भाड्यानें गुणलें कीं गल्ल्यांत किती पैसे असावयास पाहिजेत तें कळे. १८३९ सालीं मँचेस्टर अँड लीड्स रेल्वेनें त्याला आपल्याकडे बोलाविलें आणि पाहतां पाहतां ही पद्धति जगभर पसरली. दर मैलामागें वर्षाला दहा शिलिंग एवढा मोबदला तो रेल्वे कंपन्यांकडून घेई. इंग्लंडांत हीं तिकिटें १९९० सालापर्यंत टिकलीं; आपल्याकडेही कित्येक पिढ्यांनीं तीं हाताळलीं.

या युक्तींतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. एडमंडसनचें तिकीट पैसे घेणाऱ्या कारकुनावर नजर ठेवीत होतें. उतारूचें नांव त्यानें वहींतून काढून टाकलें. पैसे दिलेला कोणताही मनुष्य त्याच्या दृष्टीनें सारखाच होता.

आतां आपण जपानांत जाऊं. कारण कार्डाच्या इतिहासांतील महत्त्वाचीं पानें तेथें लिहिलीं गेलीं. १८७२ सालीं टोकियोच्या शिंबाशी स्टेशनापासून योकोहामापर्यंत जपानची पहिली रेल्वे सुरू झाली, ती एडमंडसनचें तिकीट घेऊनच. फाटकाशीं चिमटा घेऊन उभा असलेला कर्मचारी प्रत्येक तिकिटाच्या कडेला खांच पाडी. निरनिराळ्या स्टेशनांच्या खांचेचा आकार निरनिराळा असे. पासवाला उतारू आपला पास नुसता दाखवीत पुढें जाई. सकाळच्या गर्दींत त्या कर्मचाऱ्याला एका क्षणांत तारीख, स्टेशन आणि खरेंखोटें ताडावें लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरें फुगत गेलीं, उपनगरें लांबत गेलीं, आणि मनुष्याच्या डोळ्याला हें ओझें झेपेना.

ओसाका शहराजवळ सेन्री नांवाची नवी वसाहत उठली होती. तिच्यासाठीं हांक्यू रेल्वेनें १ मार्च १९६७ रोजीं किता-सेन्री हें स्टेशन उघडलें आणि तेथें आपोआप तिकीट तपासणारीं फाटकें बसविलीं. तीं तयार केलीं होतीं तातेइशी या विद्युत्-कंपनीनें. हीच पुढें ओम्रॉन या नांवानें प्रसिद्धीस आली. उतारू घाईनें तिकीट कसेंही, वांकडेंतिकडें आंत घालतो. तें यंत्रांत सरळ कसें व्हावें हें कोडें कांहीं केल्या सुटेना. त्या कंपनींत अशी हकीकत सांगतात कीं, एक अभियंता मुलाला घेऊन मासे धरावयास गेला असतां, ओढ्यांतून वाहत आलेलें बांबूचें पान दगडाला अडून फिरलें आणि सरळ होऊन पुढें गेलें, हें त्यानें पाहिलें. त्यावरून यंत्राच्या मार्गांतही तसाच एक अडथळा बसवावा, असें त्याच्या मनांत आलें.

राजधानी टोकियो मात्र या बाबतींत मागें राहिली. १ एप्रिल १९८७ रोजीं सरकारी रेल्वेची वांटणी होऊन पूर्व जपान रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १९९० च्या सुमारास तिनें चुंबकी तिकिटांचीं फाटकें मोठ्या प्रमाणावर बसविण्यास आरंभ केला. चिमट्यांची टकटक हळूहळू थांबली. पण या फाटकांच्या पोटांत पट्टे व रूळ असत. ते झिजत, त्यांत कागद अडके, आणि दुरुस्तीचा खर्च सारखा चाले. पासवाल्याला तर रोज पाकिटांतून पास काढून यंत्रांत घालावा लागे. तेव्हां, यंत्राच्या पोटांत कांहीं न घालतां फाटक उघडावें, असा विचार बळावला. कार्डाच्या आंत तारेचें वेटोळें आणि एक अतिसूक्ष्म चिप असावी. यंत्राजवळ येतांच यंत्राच्या लहरींपासून वेटोळ्यांत वीज उत्पन्न व्हावी, चिप जागी व्हावी, दोघांनीं सांकेतिक भाषेंत एकमेकांची ओळख पटवावी, रक्कम वजा करावी आणि पुन्हां निद्रिस्त व्हावें. हें सारें सुमारें एक-पंचमांश सेकंदांत उरकलें पाहिजे, कारण एका फाटकांतून मिनिटाला साठ माणसें जावयाचीं होतीं.

या कामीं १९९४ सालापासून चाचण्या झाल्या. चिप आपलें काम करी. अडचण उभी केली मनुष्याच्या हातानें. कोणी कार्ड उभें धरी, कोणी तें दुरूनच हलवी, कोणी यंत्रापुढें थबकून कोठें लावावें तें शोधी. शुंजी यामानाका या रचनाकारानें टोकियोच्या तामाची स्टेशनांत लोक कार्ड कसें धरतात याचें निरीक्षण केलें. कार्ड लावावयाचा पृष्ठभाग उतारूकडे साडेतेरा अंशांनीं कलता ठेवला आणि तो उजळवला, तर न शिकवितां लोक बरोबर वागतात, असें त्याला आढळलें. वास्तविक लहरींना स्पर्शाची गरज नव्हती. तरी उतारूंना ‘स्पर्श करा’ असेंच सांगण्याचें ठरलें. कारण स्पर्श करावयाचा म्हटला कीं हात निमिषभर थांबतो, आणि तेवढा वेळ चिपला पुरतो.

तत्पूर्वींच, १ सप्टेंबर १९९७ रोजीं, हाँगकाँगमध्यें ‘ऑक्टोपस’ नांवाचें असेंच कार्ड सुरू झालें होतें. टोकियो व आसपासच्या ४२४ स्टेशनांत ‘सुइका’ हें कार्ड चालू झालें १८ नोव्हेंबर २००१ रोजीं. स्वस्त दुरुस्ती, वेगवान फाटक, सुट्ट्या पैशांपासून सुटका. इतकेंच काय, नांवाचा पास हरवला तर तो बंद करून उरलेल्या रकमेसह दुसरा मिळूं लागला. एडमंडसनचें तिकीट हरवलें म्हणजे हरवलें. स्मरणशक्तीचा हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचें कारण नाहीं.

परंतु जें कार्ड मालकाला ओळखतें, तें मालकाचें जाणेंयेणेंही ओळखतें. सुइकाच्या चिपमध्येंच शेवटच्या वीस व्यवहारांची नोंद राहते. कंपनीच्या दप्तरांतील नोंद अर्थातच याहून मोठी. २०१३ सालीं असें उघडकीस आलें कीं, कंपनीनें उतारूंच्या ये-जा करण्याची माहिती, नांवें वगळून, हिताची कंपनीला विकली होती. नांवें नव्हतीं हें खरें. परंतु रोज सकाळीं अमुक स्टेशनांत चढणारी आणि संध्याकाळीं तमुक स्टेशनांत उतरणारी, अमुक वयाची व्यक्ति कोण, हें शेजाऱ्याला ओळखावयास नांव कशाला लागतें? लोकांनीं आक्षेप घेतला तो मुख्यतः एका गोष्टीला: आम्हांला विचारलें कां नाहीं? कंपनीला क्षमा मागावी लागली व तो व्यवहार थांबवावा लागला.

आपल्या मुंबईचा प्रवास निराळ्या वाटेनें झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली, तेव्हांपासून गर्दी वाढतच राहिली. पण लोकलच्या स्टेशनांना टोकियोसारखीं यांत्रिक फाटकें लागलीं नाहींत. येथें विश्वास आणि अवचित समोर येणारा तिकीट-तपासनीस, या दोहोंवर काम भागलें. पासवाल्याजवळ छायाचित्राचें ओळखपत्र असे व त्याचा क्रमांक पासावर लिहिलेला असे. म्हणजे मनुष्य कोण हें पासाला माहीत होतें, पण तो आज कोठें उतरला हें माहीत नव्हतें. या शतकाच्या पहिल्या दशकांत स्मार्ट कार्ड ठेवतांच तिकीट काढून देणारीं यंत्रें आलीं; तींही शेवटीं कागदच हातांत देत. २०१५ सालीं भ्रमणध्वनीवर कागदावांचूनचें तिकीट मिळूं लागलें, आणि तेथून आपल्याही तिकिटाला स्मरणशक्ति आली.

रांग गेली, चिल्लर गेली, याचें दुःख कोणीं कां करावें? जुन्या पुठ्ठ्यासाठीं अश्रु ढाळण्याचाही माझा हेतु नाहीं. पण इतिहासाकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. दिवाळें निघालेल्या त्या कारागिरानें सर्व कारकून अप्रामाणिक आहेत असें कधीं म्हटलें नाहीं. ज्याच्या हातीं दुसऱ्याचा पैसा येतो त्याचा हिशेब तपासतां आला पाहिजे, एवढेंच त्यानें धरलें, आणि अनुक्रमांकानें तें साधलें. आज रेल्वेच्या हातीं पैशाबरोबर आपल्या येण्याजाण्याची वहीही येते. ती वही किती दिवस ठेवली जाईल, कोणाला दाखविली जाईल आणि केव्हां पुसली जाईल, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक उतारूचा आहे. गल्ल्यावर अनुक्रमांकाचा पहारा बसला; या वहीवर तसा पहारा अजून बसावयाचा आहे.