कटमरानचं माहेर आणि सासर

सात-आठ जणांचा कंपू जमवायचा, शिडाची बोट भाड्याने घ्यायची आणि सेशेल्स नाहीतर थायलंडच्या बेटांभोवती चार दिवस भटकायचं, ही हौस आता म्हैसूरच्या विजयनगरातही पोचली आहे. अशा सहलीत बोट बहुधा एकाच जातीची असते: कटमरान. विजयनगरातल्या कानडी शेजाऱ्याला या नावाची फोड करून सांगावी लागत नाही. कट्टु म्हणजे बांधणं, मर म्हणजे झाड. तमिळ ‘कट्टुमरम’ही तेच म्हणतो, आणि इंग्रजीने शब्द तिथून उचलला यावर कोशकारांचं एकमत आहे.

मला गंमत वाटली ती शेजारच्याच एका नावाची. कृष्णराजसागर धरणाला म्हैसूरकर ‘कन्नंबाडी कट्टे’ म्हणतात. कट्टे म्हणजे बांध, आणि पिंपळाचा पारही ‘अश्वत्थकट्टे’. धातू तोच, कट्टु. दोरीने बांधायचं ते आणि दगड रचून बांधायचं तेही. मराठीत ‘बांधणे’ हीच दोन कामं करतो. मग आपला कट्टा कुठून आला असेल? कोणी त्याला संस्कृत ‘काष्ठ’ म्हणजे लाकडाशी नेऊन जोडू पाहील. पण कट्टा लाकडाचा कधी होता? दगडमातीचाच होता, आणि अर्थासकट कानडीतून उतरला, असं मी खुशाल म्हणतो. म्हणजे शिवाजी पार्कचा कट्टा आणि सेशेल्समधली कटमरान ही चुलत भावंडं. तिसरं भावंड इंग्रजीत ‘अनिकट’ होऊन बसलं आहे: तमिळ ‘अणैकट्टु’, नदीवरचा बंधारा.

नावाचं माहेर हे असं पक्कं. बोटीचं मात्र भलतंच. चोलमंडलाच्या किनाऱ्यावरचं कट्टुमरम म्हणजे तीन ते सात हलके ओंडके काथ्याने आवळलेला तराफा. लाटा त्याच्या फटींतून वर येतात आणि तशाच निघून जातात. किनाऱ्यावर आल्यावर दोऱ्या सोडून ओंडके वाळवायचे. त्याला ना पोट, ना खोली. सहलीची कटमरान म्हणजे दोन अरुंद बोटी अंतर ठेवून वरून जोडलेल्या. ती वाऱ्याने फारशी कलत नाही आणि प्रवाळांच्या उथळ पाण्यातही नांगर टाकते, म्हणून तर हौशी मंडळींना ती सोयीची. ही घडण पॅसिफिकची. १७६९ मध्ये पॅसिफिकमधल्या ताहितीला पोचलेल्या कॅप्टन कुकने अशा जोडहोड्या पाहिल्या, पण त्यांना कटमरान म्हटलं नाही.

मग तराफ्याचं नाव जोडबोटीला चिकटलं कसं? एक तर्क विल्यम डँपियरकडे बोट दाखवतो. या दर्यावर्दी चाच्याच्या १६९७ च्या प्रवासवर्णनात कोरोमांडलचे, म्हणजे चोलमंडलाचे, तराफे कटमरान या नावाने आहेत आणि गुआम बेटावरच्या चपळ होड्याही आहेत. वाचकांनी दोन्हींची सरमिसळ केली असेल. मला हे पटत नाही. पुस्तकात शेजारी असलेल्या गोष्टी एवढ्याने एक झाल्या असत्या तर सगळ्या प्रवासवर्णनांचा काला झाला असता.

माझं बोट फ्रान्सच्या बुलोन बंदराकडे. ऑक्टोबर १८०४ मध्ये इंग्रज आरमाराने तिथल्या फ्रेंच ताफ्यावर अमेरिकन संशोधक रॉबर्ट फुल्टनचे तरंगते सुरुंग सोडले. त्यांना नाव दिलं ‘कटमरान’. सुरुंग ओढून नेणारा खलाशी ज्यावर बसे ते वाहन म्हणजे दोन समांतर ओंडके आणि मधे बसायला दांडी. नेम फारसा लागला नाही, टिंगलच जास्त झाली. पण कटमरान म्हटलं की दोन समांतर तरंड, हे खलाशांच्या डोक्यात तिथेच बसलं असावं. १८७६ मध्ये अमेरिकेच्या नॅथनेल हेरेशॉफने ‘अमॅरिलिस’ ही जोडबोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली तेव्हा नाव तयारच होतं. तिने शर्यत मारली, हरलेल्यांनी तक्रार केली आणि तिलाच बाद करण्यात आलं. पुढे १९६९ मध्ये चार्ली आणि जिनी केरी या जोडप्याने ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर ‘द मूरिंग्ज’ काढून भाड्याच्या बोटींचा धंदा मांडला. त्या एकपोटी होत्या, कटमरानी मागाहून आल्या.

अभिमानी मंडळींचा आणखी एक दावा आहे: राजेंद्र चोळाच्या १०२५ च्या, सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावरच्या स्वारीबरोबर जोडबोटीची विद्या पूर्वेला गेली. पण पॅसिफिकमधल्या टोंगा आणि सामोआ या बेटांवर माणसं सुमारे २,८०० वर्षांपूर्वीच समुद्र ओलांडून वसली होती. त्यांना शिकवायला चोळ फार उशिरा पोचले.

जेम्स हॉर्नेलने १९२० मध्ये भारतीय होड्यांवर लिहिताना प्रवाह उलटा दाखवला: पूर्वेच्या बेटांवरून इकडे. त्याच्या पुराव्यात कोकणातल्या होड्याही आहेत, ज्यांच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका असतो. आपले मच्छीमार त्याला उलांडी म्हणतात. हा ओंडका फुगवून त्याचीच दुसरी होडी केली की झाली कटमरान! तेव्हा नातं बघायचं तर तमिळ तराफ्यापेक्षा मालवणची होडी तिला जवळची. इंग्रजांनी नाव कोकणातून उचललं असतं तर आज लोक सेशेल्सला ‘उलांडी’ बुक करत असते. या शब्दाचा उगम काही जण आडव्या दांड्यांवरून ‘ओलांडणे’त शोधतील. मी मात्र ‘उलंडणे’ धरून बसलो आहे: होडी उलंडू नये म्हणून उलांडी.